गिटार, गणवेश आणि महिन्याचा पगार

दरवर्षी ८ मार्चच्या आसपास एक फोटो फिरायला लागतो. आफ्रिकेतल्या बायका स्टेजवर उभ्या, हातात इलेक्ट्रिक गिटार, बाजूला सॅक्सोफोन, मागे ड्रम. खाली ‘नारीशक्ती’ छापाचं एखादं वाक्य आणि भरपूर बदाम. यंदाही आला. मी पण लाइक केलं, खोटं कशाला बोलू. पण मग खालच्या कमेंट्स वाचल्या आणि राहवेना, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

कमेंट्समध्ये दोन तट होते. एक ‘वा वा, काय त्या रणरागिणी’ म्हणणारा. दुसरा जरा अभ्यासू. त्याचं म्हणणं, कसलं स्वातंत्र्य आणि कसलं काय, या तर एका हुकूमशहाच्या शोभेच्या बाहुल्या होत्या. या बायकांना पगार कोण देत होतं, किती वर्षं देत होतं आणि त्या पगाराच्या बदल्यात काय घेत होतं, हे मात्र दोन्हीकडच्या कोणी विचारलेलं नव्हतं. माझ्या मते सगळी गोष्ट तिथेच आहे.

बँडचं नाव लेझ आमाझोन द गिने. गिनीच्या अमेझॉन. (ऑनलाइन दुकानाशी संबंध नाही. दाहोमे राज्यात, म्हणजे आजच्या बेनिनमध्ये, बायकांचं खरंखुरं सैन्य होतं. युरोपियन लोक त्यांना अमेझॉन म्हणायचे, तिथून हे नाव.) स्थापना १९६१, राजधानी कोनाक्री. सुरुवातीचं नाव अगदी सरकारी थाटाचं होतं: राष्ट्रीय जांदार्मरीचा महिला ऑर्केस्ट्रा. जांदार्मरी म्हणजे फ्रेंच पद्धतीचं निमलष्करी पोलीस दल. यातल्या गायिका, गिटारवाल्या, ड्रमवाल्या सगळ्या त्या दलात नोकरीला होत्या. हुद्दा, गणवेश, पगार सगळं रीतसर.

पोलीस बँड म्हटलं की आपल्याला १ मेचं संचलन आठवतं. पांढरे हातमोजे, पितळी वाद्यं, ठरलेल्या चार धून. हे तसलं नव्हतं. या नाचायला लावणाऱ्या बँड होत्या. तिन्हीसांजेला सुरू होऊन रात्री उशिरापर्यंत चालणारं संगीत. पश्चिम आफ्रिकेत त्या काळी बँडच्या नावात ‘जॅझ’ सर्रास यायचं, पण त्याचा अर्थ न्यू ऑर्लिन्सचा जॅझ असा नाही. गिटार, ब्रास, क्यूबाकडून आलेला ताल आणि खाली स्वतःच्या मातीतली चाल, म्हणजेच आधुनिक ऑर्केस्ट्रा, त्याला जॅझ म्हणायचे. बेंबेया जॅझ हे गिनीचं सगळ्यात गाजलेलं नाव त्याच अर्थानं.

आता सरकार या भानगडीत पडलं कशाला? त्यासाठी १९५८ मध्ये जावं लागेल. फ्रान्सच्या जनरल द गॉल यांनी वसाहतींना विचारलं, आमच्या समुदायात राहता का? २८ सप्टेंबर १९५८ च्या सार्वमतात सुमारे ९५ टक्के गिनीवासीयांनी ‘नाही’ म्हटलं. आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींमध्ये असं म्हणणारा हा एकमेव प्रदेश. २ ऑक्टोबरला देश स्वतंत्र झाला आणि फ्रेंच रागारागात निघून गेले. अधिकारी गेले, फायली गेल्या, टेलिफोनसुद्धा उपटून नेले असं आजही सांगतात. मागे उरला गरीब देश आणि त्याचा अध्यक्ष सेकू तुरे. कामगार संघटनेतून वर आलेला, भाषणात लोकांना तासन्‌तास खिळवून ठेवणारा.

या माणसाला एक गोष्ट लवकर कळली होती. बहुसंख्य लोकांना वाचता येत नाही, तिथे वर्तमानपत्रानं देश उभा राहत नाही, गाण्यानं राहतो. १९५९ पासून जुने, युरोपियन गाणी वाजवणारे खासगी डान्स बँड बंद झाले आणि सरकारी ऑर्केस्ट्रा उभे राहिले. आदेश असा की आपल्या लोकसंगीतातून नवं काढा. प्रत्येक प्रांताचा एक ऑर्केस्ट्रा, त्यांच्या स्पर्धा, जिंकणाऱ्यांना राष्ट्रीय दर्जा. वाद्यं सरकारची, राष्ट्रीय ऑर्केस्ट्रातल्या वादकांना पगार सरकारचा. पुढे सिलिफोन नावाची सरकारी रेकॉर्ड कंपनी निघाली. ‘सिली’ म्हणजे हत्ती, सत्ताधारी पक्षाचं चिन्ह. रेकॉर्डच्या नावातच पक्ष होता, लपवाछपवी काही नाही.

बायकांचा मुद्दाही पक्षासाठी वरवरचा नव्हता. १९५३ च्या मोठ्या संपात कामगारांची घरं बाजारातल्या बायकांनी जगवली होती. पक्षाची गाणी रचून ती बाजारातून, पाणवठ्यावरून गावोगाव नेली तीही त्यांनीच. १९५५ मध्ये एम्बालिया कामारा ही गरोदर कार्यकर्ती मारली गेली, ती देशाची हुतात्मा झाली. म्हणजे गाणाऱ्या बाईचं बळ तुरेंनी स्वतः अनुभवलेलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर १९६१. या देशात वाद्य हातात घेणं म्हणजे बाईसाठी काय होतं? मांदे समाजात संगीत हे ग्रिओ लोकांचं, म्हणजे तिथल्या भाषेत जेलींचं वंशपरंपरागत काम. राजांच्या वंशावळी, युद्धं, स्तुती, सगळं तोंडपाठ. आपल्याकडचे भाट आठवा, पण मान आणि धाक त्यापेक्षा जास्त. या घरातल्या बाया गायच्या, आणि काय गायच्या! पण वाद्य पुरुषाचं. कोरा असो, बालाफोन असो, एंगोनी असो, वडिलांकडून मुलाकडे. बाईच्या हातात कारिन्यान, म्हणजे खाचा पाडलेली लोखंडी नळी आणि ती घासायला एक सळई. ताल धरायला तेवढंच. आणि जी मुलगी ग्रिओ घरातली नाही तिनं तर गाण्याचा धंदा करायचाच नाही. घरचे काय म्हणतील, लग्न कोण करेल, हे प्रश्न आपल्यालाही काही नवीन नाहीत.

अशा ठिकाणी सरकारनं पोरींना दलात भरती केलं आणि वाद्यं हातात दिली. सुरुवातीला व्हायोलिन, मँडोलिन, कोंगा, बोंगो. १९६५ च्या सुमारास इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम आले. सॅक्सोफोन बाई वाजवते. बास गिटार बाई वाजवते, आणि नुसती वाजवत नाही, त्या जोरावर अख्खा बँड चालवते. सालेमातू दियालो हे नाव लक्षात ठेवा. बास तिच्याकडे आणि पुढे बँडचं नेतृत्वही. बास गिटार हे विचित्र वाद्य आहे. ऐकणाऱ्याचं लक्ष नसतं, पण थांबलं की सगळं कोसळतं.

आता पगाराकडे येतो. गाणाऱ्या बाईचं आयुष्य बहुतेक जगात कसं चालतं? सुपारी कोण घेतो, पैसे कोणाच्या हातात येतात, रात्री कार्यक्रम संपल्यावर घरी कोण सोडतं, बाळंतपणात काय, आवाज बसला तर काय? या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरात कोणीतरी पुरुष उभा असतो: बाप, नवरा, भाऊ, मालक, मॅनेजर. आमाझोनच्या बायकांसाठी त्यातल्या बऱ्याच ठिकाणी दल उभं होतं. दर महिन्याला पगार, मग कार्यक्रम असो नसो. रात्री उशिरा वाजवून येणारी बाई ‘तसली’ ठरत नाही, कारण ती ड्यूटीवर आहे. घरच्यांनी बोट उचलायचं म्हटलं तर समोर हुद्दा आहे. कोणाला हे फार सरकारी वाटेल. वाटू दे. स्टेजवरच्या बाईला सगळ्यात जास्त काय लागतं असं कोणी विचारलं तर मी प्रतिभेच्या आधी हेच सांगेन: महिनाअखेरीला स्वतःच्या नावावर येणारे पैसे आणि बोट दाखवणाऱ्याचं तोंड बंद करणारा एक गणवेश.

म्हणून ‘शोभेच्या बाहुल्या’ हे मला पटत नाही. बाहुल्यांना रोज रियाझ करावा लागत नाही. त्यांच्या रेकॉर्ड ऐका. गिटारचे ते एकमेकांत गुंतलेले तुकडे, खाली बासचा जाड धागा, आणि वरून एमाह सिला आणि सोना दियाबाते यांचे आवाज. सोना तर ग्रिओंच्या दियाबाते घराण्यातली, आणि ती नुसती गात नाही, गिटारही वाजवते. ज्या घरात वाद्य मुलाकडे जातं त्या घरातल्या मुलीच्या हातात गिटार येणं, यासाठी एक क्रांती लागली आणि वर एक निमलष्करी दल लागलं.

पण मग पगाराच्या बदल्यात काय?

१९७७ साल घ्या. जानेवारी-फेब्रुवारीत नायजेरियात लागोसला फेस्टॅक झाला. अख्ख्या आफ्रिकेचा आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांचा तोवरचा सगळ्यात मोठा कलामहोत्सव. आमाझोन तिथे वाजल्या आणि देशाबाहेर त्यांचं नाव झालं ते तिथून. एका खंडानं पाहिलं की गिनीच्या बायका असं वाजवतात.

त्याच वर्षी कोनाक्रीच्या बोइरो छावणीत दियालो तेली मेला. साधासुधा माणूस नव्हे. आफ्रिकी ऐक्य संघटनेचा पहिला महासचिव. त्याला ‘काळा आहार’ दिला गेला. म्हणजे कोठडीत बंद करायचं आणि अन्नपाणी तोडायचं, मरेपर्यंत. त्याच्या आठ वर्षं आधी फोदेबा केइताचा शेवट झाला होता. हा तर कलावंत. ‘ले बॅले आफ्रिकँ’ हा नृत्यसंच त्यानं उभा केला, जगभर नेला, गिनीला नाव मिळवून दिलं. मग मंत्री झाला, गृह आणि संरक्षण सांभाळलं, आणि १९६९ मध्ये त्याच राजवटीनं त्याला बोइरोत टाकून संपवलं. कलेवर एवढं प्रेम करणारं सरकार कलावंताचं काय करू शकतं हे त्या देशातल्या प्रत्येक वादकाला ठाऊक होतं.

आणि त्याच १९७७ च्या ऑगस्टमध्ये बाजारातल्या बायका उठल्या. तुरेंनी दोन वर्षांपूर्वी खासगी व्यापार बंद करून टाकला होता. माल सरकारी दुकानातून विकायचा, आणि कोणी चोरून विकतंय का हे बघायला ‘आर्थिक पोलीस’. या पोलिसांनी टोपल्या उपसायच्या, माल जप्त करायचा, पैसे उकळायचे. २७ ऑगस्टला कोनाक्रीच्या मादिना बाजारात एका पोलिसानं असंच एका बाईला अडवलं, आणि बायकांनी त्याला चोपला. मग शेकडो बायका अध्यक्षांच्या महालावर चालून गेल्या. तुरेंना माघार घ्यावी लागली, आर्थिक पोलीस बरखास्त झाले. दंगली इतर शहरांत पसरल्या, तीन प्रांतांचे गव्हर्नर मारले गेले, आणि त्यामागोमाग धरपकड आलीच. तरी वीस वर्षांच्या त्या राजवटीला पहिल्यांदा मागं हटवलं ते कुठल्या सेनापतीनं नाही, भाजीवाल्या-तांदूळवाल्यांनी.

यावर आमाझोननं गाणं केलं का, असं विचारणं मला क्रूर वाटतं. कशा करणार होत्या? अंगावर गणवेश होता. त्या काळच्या गिनीतला प्रत्येक ऑर्केस्ट्रा पक्षाची आणि अध्यक्षाची स्तुती गायचा, बेंबेया जॅझसुद्धा. बाजारातली बाई आणि बँडमधली बाई, दोघी एकाच शहरातल्या, कदाचित एकाच गल्लीतल्या. एकीला सरकारनं गिटार दिली आणि दुसरीची टोपली उपसली. आणि टोपलीवालीनं जे केलं ते गिटारवालीला करता येत नव्हतं, कारण तिचा महिना त्याच तिजोरीतून यायचा. ‘वा वा’वाल्यांच्या फोटोत हे दिसत नाही, म्हणून सांगतोय.

पुढे १९८३ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, ‘ओ कर द पारी’, म्हणजे ‘पॅरिसच्या काळजात’. पॅरिसमधल्या त्यांच्या कार्यक्रमाचं हे ध्वनिमुद्रण. बँड सुरू होऊन बावीस वर्षांनी पहिली तबकडी, हेही जरा नोंदवा. ज्या फ्रान्सनं जाताना टेलिफोन नेले म्हणतात, त्याच्याच राजधानीत दलातल्या बायकांनी लोकांना नाचवलं. हा सिलिफोनच्या अगदी शेवटच्या रेकॉर्डपैकी एक. कारण २६ मार्च १९८४ ला सेकू तुरे अमेरिकेत क्लीव्हलंडच्या इस्पितळात वारले, आठवड्याभरात लष्करानं सत्ता घेतली, आणि संगीतावर खर्च करणारं सरकार संपलं.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सरकारी टेकू गेल्यावर गिनीचे बहुतेक नामवंत ऑर्केस्ट्रा हळूहळू ओस पडले. वाद्यं जुनी झाली, वादक पांगले, कोणी आबिजानला गेलं, कोणी पॅरिसला. गंमत बघा, नेमक्या त्याच सुमारास युरोपात ‘वर्ल्ड म्युझिक’चा बाजार तेजीत आला. गिनीचाच मोरी कांते १९८७ मध्ये ‘ये के ये के’ घेऊन युरोपभर गाजला. म्हणजे मागणी होती, पैसा होता. पण बाजार एखादा तारा उचलतो, पंधरा बायकांचा बँड पोसत नाही. आमाझोनमधल्याही सोना आणि एमाह या दोघींचाच ‘साहेल’ हा वेगळा अल्बम १९८८ मध्ये आला. सुंदर आहे, शांत, बिनविजेच्या वाद्यांचा. पण तो दोघींचा.

बँड मात्र टिकला. राजवट गेली तरी जांदार्मरी होतीच, आणि या बायका तिच्या नोकर होत्या. हुकूमशहाचा हट्ट म्हणून सुरू झालेली गोष्ट शेवटी आस्थापनेच्या रजिस्टरवर तगली. सरकारी कारकुनीची एवढी स्तुती मी आयुष्यात कधी केली नव्हती. २००८ मध्ये त्यांचा दुसरा अल्बम आला, ‘वामातो’. मालीत बामाकोला ध्वनिमुद्रित केलेला, लंडनच्या कंपनीनं काढलेला. पहिल्या अल्बमनंतर पंचवीस वर्षं! तोवर पहिल्या पिढीतल्या बायका म्हाताऱ्या होत आल्या होत्या, सोबत नंतर भरती झालेल्या पोरी होत्या. बास तीच, सालेमातू दियालोची.

तिथंच थांबलं असतं तर मलाही एखादं नारीशक्तीचं वाक्य लिहून मोकळं होता आलं असतं. पण पुढच्याच वर्षी, २८ सप्टेंबर २००९ ला, कोनाक्रीच्या स्टेडियममध्ये विरोधकांची सभा होती. स्टेडियमचं नावच ‘२८ सप्टेंबर’, त्या ‘नाही’ म्हटल्याच्या दिवसावरून. सुरक्षा दलांनी दरवाजे अडवून गोळीबार केला. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीप्रमाणे किमान १५६ माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, आणि किमान १०९ बायका-मुलींवर लैंगिक अत्याचार झाले, कित्येक तिथेच, मैदानावर, दिवसाढवळ्या. करणाऱ्यांत अध्यक्षाचे रक्षक होते, आणि जांदार्मरीचे लोकही होते. आमाझोनच्या अंगावरचाच गणवेश. तत्कालीन लष्करी शासक दादिस कामारा याला २०२४ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली, आणि २०२५ मध्ये तेव्हाच्या लष्करी शासकानं त्याला माफी दिली. तब्येतीचं कारण सांगून.

म्हणजे जो गणवेश एका बाईला रात्री सुरक्षित घरी पोचवत होता, तोच दुसरीसाठी काय होता हे त्या मैदानातल्या बायकांना विचारा. मी हे दोन्ही एकत्र धरूनच या बँडकडे बघतो. एक सोडून दुसरं धरता येत नाही.

मध्यंतरी बामाकोतून ‘लेझ आमाझोन दाफ्रिक’ नावाचा नवा समूह निघाला. नाव या जुन्या बँडच्या सन्मानार्थ. उमू सांगारे, मामानी केइता, अमादू-मरियम जोडीतली मरियम डुंबिया अशी मोठी नावं. २०१७ च्या पहिल्या अल्बमपासूनच त्या बायकांवरच्या हिंसेवर थेट बोलतात, कोणाला न भिता. ओबामांनी त्या वर्षीच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत त्यांचं गाणं घातलं. मला आवडतात त्या. जुन्यांना जे गाता आलं नाही ते या गातात. पण समूहातल्या बायका दर अल्बमला बदलतात, दौरा असेल तेव्हा एकत्र येतात, सूत्रं बरीचशी युरोपातल्या निर्मात्यांकडे. बोलायचं स्वातंत्र्य आहे आणि महिन्याचा पगार नाही. जुन्यांकडे पगार होता आणि बोलायचं स्वातंत्र्य नव्हतं. दोन्ही एकाच बाईला मिळेल अशी व्यवस्था मला अजून कुठं दिसलेली नाही, आपल्याकडेही नाही. कोणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये जरूर सांगा, मी चिडवत नाहीये.

जाता जाता एक. कोनाक्रीच्या रेडिओ केंद्रात त्या काळची ध्वनिमुद्रणं धूळ खात पडली होती. १९८५ च्या फसलेल्या बंडात त्या इमारतीवर हल्लाही झाला होता. ऑस्ट्रेलियन संशोधक ग्रॅमी काउन्सेल यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीनं तिथं जाऊन एकेक टेप साफ करून नऊ हजारांहून जास्त गाणी डिजिटल केली. पक्षाच्या आरत्याही त्यात आहेत आणि काळीज हलवणारी गाणीही. ती आता ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहात आहेत. सुरुवात करायची तर ‘ओ कर द पारी’पासून करा, मोबाइलच्या स्पीकरवर मात्र नको. हेडफोन लावा, नाहीतर सालेमातूबाईंचा बास ऐकूच येणार नाही.